वारंवार तुंबणारी मेन लाइन : जुन्या घरात नेमकं कारण कसं शोधायचं

मेन लाइन, म्हणजे घरातलं सगळं घाण पाणी बाहेर नेणारा जमिनीखालचा मुख्य पाइप, वर्षातून एकदा तुंबली तर काहीतरी अडकलं असं समजावं, काढावं आणि विसरून जावं. त्याच जागी, त्याच वर्षात पुन्हा तुंबली तर कचऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. लाइनच बिघडलेली असते. बांबू घालणारा माणूस पहिल्या वेळी कामाचा. दुसऱ्या वेळी तो पैसे घेतो आणि पुढची तारीख देऊन जातो.

हे लिहितोय ते या दुसऱ्या प्रकारच्या घरांसाठी. वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाण्याकडे गावोगावी अशी घरं आहेत. मूळ घर कवेलूचं नाहीतर धाब्याचं, पुढे कधीतरी अर्ध्या भागावर स्लॅब पडलेला. संडास-न्हाणी मागे सांदवाडीत. तिथून चिनी मातीचे किंवा सिमेंटचे पाइप जमिनीखालून मैल्याच्या (सेप्टिक) टाकीकडे गेलेले. नकाशा कोणाकडे नाही, आणि ज्या मिस्त्रीने पाइप टाकले तो एक तर थकला, नाहीतर गेला. अशा घरातून फोन आला की बोलणं ठरलेलं असतं : "कालच काढून घेतलं जी, आज पुन्हा न्हाणीतून वर आलं. काहून होते हे?"

आधी मेन लाइनच आहे ना, ते पाहा

फक्त स्वयंपाकघरातलं पाणी अडत असेल आणि बाकी सगळं नीट वाहत असेल, तर मेन लाइनला हात लावू नका. तो त्या मोरीच्या फाट्याचा प्रश्न आहे. ट्रॅप, म्हणजे मोरीखालचं वाकडं नळकांडं, उघडून साफ करा, झालं.

मेन लाइनची खूण वेगळी. संडासात बादली ओतली की न्हाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो. कपडे धुतले की संडासाच्या सीटमधलं पाणी वर चढतं. घरातलं सर्वांत खालचं तोंड आधी ओकतं, आणि जुन्या घरात ते बहुतेक न्हाणीचंच असतं. म्हणून लोक न्हाणी तुंबली म्हणतात, न्हाणी फोडतात, नवी जाळी बसवतात. न्हाणी बिचारी फक्त बातमी देत असते.

हे दिसलं की घरातला पाण्याचा वापर थांबवा, वरच्या टाकीचा कॉक बंद करा. मग चेंबर, म्हणजे पाइपाच्या वाटेवरचा झाकणाचा खड्डा, शोधा.

चेंबर शोधणं हेच अर्ध्या दिवसाचं काम होऊन बसतं. अंगणात नवी फरशी घालताना झाकण खाली गाडलं जातं. कुठे तुळशीचा ओटा वर बांधलेला असतो, कुठे सरपणाचा ढीग. संडासापासून टाकीपर्यंत नजरेने सरळ रेषा धरा आणि सब्बलीच्या मागच्या टोकाने जमीन ठोकत चला. पोकळ आवाज आला तिथे थांबा. एप्रिल-मे महिन्यात सगळं अंगण करपलेलं असताना एखाद्या ठिकाणीच गवत हिरवं दिसत असेल, तर तिथे चेंबर नसेल कदाचित, पण पाइप नक्की गळतोय. ती जागा खडूने मांडून ठेवा, पुढे लागेल.

सगळी झाकणं उघडा. उघडल्याबरोबर तोंड आत घालू नका, थोडा वेळ वारा लागू द्या. आसपास बिडी-काडी पेटवू नका. आता घराकडून टाकीकडे चालत एकेक चेंबर पाहा. भरलेला चेंबर आणि त्याच्या पुढचा रिकामा चेंबर, या दोघांच्या मधे अडथळा आहे. सगळेच भरलेले असतील तर दोष शेवटच्या चेंबरच्या पुढे आहे. टाकीत जाणारा शेवटचा तुकडा, टाकी किंवा टाकीच्या पुढचा शोषखड्डा तुंबलाय. सगळेच रिकामे असतील आणि तरी न्हाणी भरलेली असेल, तर घर आणि पहिला चेंबर यांच्या मधे बघायचं.

या एवढ्या पाहणीने जागा कळते. कारण अजून कळलेलं नाही, आणि खर्च सगळा कारणावर अवलंबून आहे.

महिना कोणता, ते विचारा

मी घरी गेलो की पाइपाकडे बघायच्या आधी एक प्रश्न विचारतो : गेल्या वेळी कधी तुंबलं होतं, त्याआधी कधी? तारीख कोणाला आठवत नाही, पण "पोळ्याच्या आसपास", "लग्नाच्या सीझनमध्ये", "सोयाबीन निघाली तेव्हा" असं घरातल्या बाया बरोबर सांगतात. त्यावरून बरंचसं निदान होतं.

पावसाळ्यात तुंबत असेल तर. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते, तिचा हा गुण. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ऑगस्टमध्ये त्याच जागी पाय रुतून बसतो. या मातीत दीड-दोन फुटांवर पाइप पुरलेला आहे, दरवर्षी तो वर-खाली होतोय. जुने चिनी मातीचे पाइप दोन-तीन फुटांच्या तुकड्यांत येत. म्हणजे चाळीस फुटांच्या लाइनीत पंधरा-वीस जोड, आणि प्रत्येक जोड सिमेंटने घट्ट बसवलेला. माती हलते, सिमेंट हलत नाही, जोड तडकतो. पावसात त्या तडीतून बाहेरचा गाळ आत येतो. चेंबरच्या तळाशी मैला नसून साफ काळी, लोण्यासारखी मऊ माती सापडली तर दुसरं काही शोधायची गरज नाही, जोड उघडलाय.

पावसाळ्यातलं दुसरं कारण म्हणजे शोषखड्डा. काळी जमीन पाणी मुरू देत नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याचा काही भाग, तिथे तर जमिनीतल्या खारामुळे माती आणखी घट्ट बसते. उन्हाळ्यात खड्डा कसाबसा चालतो. दोन-तीन मोठे पाऊस झाले की जमीन आधीच भरलेली, टाकीतून येणारं पाणी जाणार कुठे? ते मागे सरकतं आणि न्हाणीत निघतं. अशा वेळी लाइनीत बांबू घालून काहीच हाती लागत नाही, कारण लाइन मोकळीच असते. पाऊस उघडल्यावर आठवड्याभरात आपोआप उतरलं तर शोषखड्डाच समजा. आणि एक गोष्ट नक्की तपासा : छताच्या पावळीचं किंवा अंगणाचं पाणी कोणी चेंबरमध्ये सोडलंय का? स्लॅब पडला की मिस्त्री सोयीसाठी पन्हाळाचा पाइप जवळच्या चेंबरमध्ये घालून मोकळा होतो. एका मोठ्या पावसाचं छतावरचं पाणी घरच्या टाकीला झेपत नाही. तो पाइप काढून बाहेर सोडा. कित्येक घरांत एवढ्यावर काम भागतं.

उन्हाळ्यात तुंबत असेल तर. झाडाची मुळं. पिंपळ, वड, उंबर ही तर आहेतच, पण सांदवाडीतला साधा कडुनिंबही सोडत नाही. आजूबाजूला कोरडं ठक्क असताना ओल फक्त पाइपाच्या जोडाशी असते, मुळं तिकडेच वळतात. आत शिरताना दोऱ्याएवढी असतात, आत गेल्यावर त्यांचा झुबका होतो आणि कागद, केस, चिंध्या त्यात अडकतात. बांबूच्या टोकाला लालसर-तपकिरी केसाळ गुंता आला, तो हातात दाबला आणि लवचीक लागला, तर ती मुळं. ओढून तोडली की लाइन चालू होते, पण मूळ जागेवरच राहतं, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. झाड तोडायला माझा विरोध आहे. पाइप बदला, झाड राहू द्या.

उन्हाळ्यातलं दुसरं कारण कोणी मनावर घेत नाही. नळ चार-आठ दिवसांनी येतो, विहीर तळाला गेलेली, म्हणून घरातले संडासात तांब्या-दोन तांबे टाकून येतात. मैला पाइपात जातो, पण त्याला पुढे ढकलायला पाणी नसतं, तो तिथेच वाळतो. अशा दिवसांत भांड्यांचं, कपड्यांचं खरकटं पाणी बादलीत साठवून ठेवा आणि दिवसातून एकदा दोन-तीन बादल्या एकदम, झटक्यात संडासात ओता. थेंबथेंब ओतलेल्या दहा बादल्यांपेक्षा एकदम ओतलेल्या दोन जास्त काम करतात.

सोयाबीन-तुरीच्या दिवसांत, मळणीच्या आसपास तुंबत असेल तर कुटार, म्हणजे मळणीतला भुसा. अंगणातलं, गोठ्यातलं कुटार आणि शेण झाडून-धुऊन न्हाणीच्या नालीत जातं, भिजलं की फुगतं. गोठ्याची नाली मेन लाइनीला जोडलेली असेल तर ती तोडा, उकिरड्याकडे न्या. यात तडजोड नको.

थंडीत, त्यातही दिवाळीचं तळण झाल्यावर अडत असेल तर तेल-तुपाचा थर. इथलं बोअरचं पाणी जड. साबण त्याच्याशी मिळून पांढरी चिकट साय धरते, त्यावर तेल बसतं, त्यावर राख. अजूनही खेड्यात भांडी राखेने घासतात. राख पाण्याबरोबर वाहत नाही, तळाशी बसते आणि वर्षभरात पाइपाचा तळ उचलून धरते. राखेची भांडी अंगणात घासा, ते पाणी आळूच्या वाफ्यात सोडा.

महिना कुठलाच नाही, दर सहा-आठ आठवड्यांनी घड्याळ लावल्यासारखं तुंबतं, तर उतार गेलाय. जुन्या घरांत हे सगळ्यात जास्त, आणि हेच कोणी तपासत नाही.

उतार मोजून बघा, अंदाजाने बोलू नका

मिस्त्री लोकांचा हिशेब सोपा आहे : पाइप जितके इंच, त्याच्या दहापट लांबीला एक माप उतार. चार इंची पाइपाला चाळीस फुटांत एक फूट, म्हणजे दर दहा फुटांना तीन इंच. सहा इंचीला साठ फुटांत एक फूट. यामुळे पाणी एवढ्या वेगाने जातं की मैला सोबत ओढून नेतं. जुन्या घरात मात्र पाइप टाकताना टाकीचं तोंड उंच आणि संडास खाली, म्हणून मिळेल तेवढा उतार दिलेला असतो. वरून मातीने आणखी खेळ केलेला.

मोजायला लेसर वगैरे काही लागत नाही. मिस्त्रीची पारदर्शक लेव्हल नळी आणा, तीत पाणी भरा, बुडबुडा राहिला असेल तर तो काढून टाका. बुडबुडा राहिला की माप खोटं येतं. पहिल्या चेंबरजवळ आणि दुसऱ्या चेंबरजवळ एकेक काठी उभी रोवा, नळीतल्या पाण्याच्या पातळीवर दोन्हीकडे खूण करा. आता त्या खुणेपासून चेंबरमधल्या पाइपाच्या तळापर्यंत टेपने माप घ्या. समजा दोन चेंबरमधलं अंतर वीस फूट आहे. पहिल्याकडे ३२ इंच भरले, दुसऱ्याकडे ३६. म्हणजे चार इंच उतार. चार इंची पाइपाला वीस फुटांत सहा हवे होते. लाइन चालेल, पण आळसावून चालेल, पाणी कमी पडलं की बसेल. दुसऱ्याकडे ३२ किंवा त्याहून कमी भरलं तर बोलायलाच नको.

दोन्ही टोकांचं माप बरोबर आलं तरी मधे पोट पडलेलं असू शकतं. काळी माती मधला एखादा तुकडा खाली ओढते, तिथे पाणी कायम साचून राहतं आणि गाळ तिथेच बसतो. हे पाहायला आरसा. लाइन मोकळी करा, थोडं स्वच्छ पाणी सोडून ते वाहून जाऊ द्या. खालच्या चेंबरमध्ये पाइपाच्या तोंडाशी छोटा आरसा तिरका धरा आणि वरच्या चेंबरमधून कोणाला तरी पाइपात टॉर्च मारायला सांगा. पूर्ण गोल उजेड दिसला तर पाइप सरळ आणि साफ. खालून अर्धा गोल कापलेला दिसला, कडेला पाणी चकाकलं, तर पोट पडलंय. उजेडच आला नाही तर पाइप वळलाय, फुटलाय किंवा अजून अडथळा आहे. जुने मिस्त्री टॉर्चऐवजी दुसऱ्या आरशाने ऊन आत सोडतात, ते मोबाइलच्या उजेडापेक्षा भारी दिसतं.

पाणी नेमकं कुठे हरवतंय याची शंका असेल तर कपड्याची नीळ बादलीत घोळून वरच्या चेंबरमध्ये ओता. खालच्या चेंबरला निळं पाणी अर्धंच पोचलं, किंवा थोड्या वेळाने शेजारच्या भिंतीच्या पायाशी निळसर ओल आली, तर पाइप मधे गळतोय. पांढऱ्या मातीच्या भिंतीच्या घरात ही गळती लवकर थांबवली नाही तर पाया बसतो. तुंबणं त्यापुढे किरकोळ.

आणि घुशी. खडूने मांडलेल्या त्या हिरव्या जागेजवळ मुठीएवढं बीळ आणि बाहेर भुसभुशीत मातीचा ढीग असेल, तर घूस फुटक्या जोडातून ये-जा करतेय आणि उकरलेली माती पाइपात पाडतेय. बीळ नुसतं बुजवलं तर ती फूटभर पलीकडून निघते. जोड दुरुस्त झाला की तिचा रस्ता बंद.

मोकळी करताना

तुराटी किंवा पऱ्हाटीची काडी पाइपात घालू नका. हाताशी असते म्हणून सगळे तीच घालतात, ती आत मोडते आणि मग अडथळ्यात अडथळा. ओल्या बांबूची लांब कामटी, गाठी तासून गुळगुळीत केलेली, किंवा भाड्याची स्प्रिंग वापरा. शक्यतो रिकाम्या चेंबरकडून वरच्या दिशेने घाला, म्हणजे घाणीच्या पाण्यात हात घालावा लागत नाही. पण अडथळा सुटला की सगळं पाणी तुमच्याकडेच येतं, म्हणून तोंडासमोर उभं राहू नका, बाजूला व्हा. त्याआधी त्या चेंबरच्या पुढच्या तोंडाला लोखंडी जाळीचा तुकडा लावून ठेवा. नाहीतर इथला गोळा सुटून पुढच्या तुकड्यात जाऊन बसतो आणि घरमालक म्हणतो, तुम्ही बिघडवलं. जाळीत काय आलं ते फेकायच्या आधी काठीने पसरून बघा : माती, मुळं, चिंध्या, सॅनिटरी पॅड, साबणाचा थर, सिमेंटच्या पापुद्र्या. पॅड निघालं तर घरात त्यावर मोकळेपणाने बोलावं आणि संडासात झाकणाचा डबा ठेवावा.

वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात आणि आता सगळीकडेच फवारणीचा एचटीपी (जास्त दाबाचा) पंप असतो. त्याला मागच्या बाजूने पाणी मारणारं जेटिंगचं नोझल लावलं की नळी आपोआप पाइपात पुढे सरकते आणि चिकट थर चांगला धुऊन निघतो. साबण-तेलाच्या लाइनीला हा उपाय उत्तम. मात्र नळी वेगळी ठेवा, फवारणीची नको. आणि पंपात औषधाचा अंश राहिला असेल तर आधी साफ धुवा. जोड फुटलेल्या लाइनीत जोराचा फवारा एका जागी धरून ठेवला तर बाहेरची माती धुपते आणि वरची फरशी खचते. तिथे हळू चला.

ॲसिडबद्दल माझं मत कडक आहे. दुकानात मिळणारं ॲसिड मेन लाइनीच्या अडथळ्यापर्यंत पोचेपर्यंत पाणी मिसळून निकामी होतं, पण वाटेतले सिमेंटचे जोड मात्र खातं. चिनी मातीच्या पाइपाला काही होत नाही, त्याला धरून ठेवणारं सिमेंटच जातं. दरवेळी तुंबलं की ॲसिड ओतणाऱ्या घरात पाच-सात वर्षांनी जोडच शिल्लक नसतात. कॉस्टिक सोडा टाकीतल्या जिवाणूंच्या मुळावर येतो. आणि ॲसिड ओतलेल्या जागी ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद न्हाणीत तो माणसाला लोळवतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचे व्हिडिओ पाहून कोणी विचारलंच तर सांगा, फेस बघायला छान दिसतो.

टाकी भरली असेल तर सक्शनची गाडी बोलवा. दोन-तीन वर्षांतून एकदा उपसायची असते, आपल्याकडे ती बांधल्यापासून उघडलेलीच नसते. टाकीत माणूस उतरवायचा नाही. पैसे देऊन नाही, शेजारचा आहे म्हणून नाही, "दोन मिनिटांचं काम आहे" म्हणून तर अजिबात नाही. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. जास्त झाला की त्याचा वासच येईनासा होतो, त्यामुळे उतरणाऱ्याला वाटतं आता बरं आहे. वाचवायला उतरणारा दुसराही जातो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला अशा टाकीत उतरवणं गुन्हा आहे आणि पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. सफाईत मेलेल्याच्या घरच्यांना ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं आहे. गाडी गावात येत नाही ही अडचण मला माहीत आहे. तालुक्याच्या गावाहून येते. दोन-चार घरांनी मिळून एकाच दिवशी बोलावली तर फेरीचा खर्च वाटला जातो.

पक्कं काम

सगळी लाइन उकरायची गरज बहुतेकदा नसते. आरसा आणि नळीने जो तुकडा दोषी ठरला तेवढाच दोन चेंबरमधला भाग बदला. पण एकाच तुकड्यात तीन-चार जोड गेलेले असतील तर ठिगळं लावत बसू नका, पूर्ण तुकडा नवा घ्या.

उकरायची वेळ दिवाळी ते होळी. पावसाळ्यात चर ढासळतो, मे महिन्यात माती दगड होते आणि टिकाससुद्धा उडते. शिवाय भेगा पूर्ण उघडलेल्या असताना बसवलेला पाइप पावसात पुन्हा जागा सोडतो.

चर पाइपाच्या तळापेक्षा अर्धा फूट खोल घ्या, तेवढी काळी माती बाहेर काढा आणि खाली मुरूम ठोकून घाला. त्यावर रेती किंवा बारीक चुरी, त्यावर पाइप, पाइपाच्या दोन्ही बाजूंना आणि वर अर्धा फूट पुन्हा रेती-चुरी. काढलेली काळी माती पाइपाला चिकटून भरू नका. बाकी सगळा खर्च करून लोक नेमकं इथे हात आखडतात आणि नवा पीव्हीसी पाइपसुद्धा तीन वर्षांत पोट धरतो.

पाइप ११० मिलिमीटरचा, जमिनीखालच्या ड्रेनेजसाठीचा घ्या. एसडब्ल्यूआरच (घरातल्या मैल्या-सांडपाण्याचा आणि पावसाच्या पाण्याचा पाइप) घ्यायचा असेल तर 'टाइप बी' असं छापलेला मागा; 'टाइप ए' पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या पाइपासाठी असतो, स्वस्त म्हणून दुकानदार तोच काढून देतो. जोड रबर रिंगचे ठेवा. सोल्यूशनने चिकटवलेला जोड सिमेंटच्या जोडासारखाच ताठ. रिंगचा जोड मातीबरोबर थोडा सरकतो आणि फुटत नाही. रिंग बसवताना पाइप पूर्ण आत ठोकून नंतर साधारण एक सेंटिमीटर मागे ओढा. रिंगला साबणाचं पाणी लावा, खोबरेल किंवा ग्रीस नको, रबर खराब होतं. काटकोनी बेंडऐवजी दोन ४५ अंशांचे.

वळण आलं की चेंबर. चेंबरचा तळ सपाट सोडू नका. पाइपाच्या रेषेत अर्धगोल पन्हाळी काढून दोन्ही बाजूंना सिमेंटचा उतार द्यायला मिस्त्रीला उभं राहून सांगा. सपाट तळावर मैला पसरतो आणि तुंबण्याची सुरुवात तिथूनच होते. हवेचा पाइप नसेल तर तोही आताच घ्या, छताच्या वर न्या, तोंडाला जाळी लावा; पक्षी त्यात घरटं करतात.

शोषखड्डा फसत असेल तर त्याच काळ्या मातीत आणखी खोल खड्डा खणून पैसे घालवू नका. मुरमाचा थर हाती लागत असेल तिथपर्यंत जा, नाहीतर गिट्टी भरलेला लांब, उथळ चर काढा आणि त्यावर केळी, कर्दळ लावा. विहीर-बोअरपासून जितका लांब नेता येईल तितका. संडासाचं पाणी थेट ग्रामपंचायतीच्या उघड्या नालीत जात असेल तर आधी टाकी बांधा, मग बाकीचं.

वाटणी झालेला वाडा

शेवटचा प्रकार असा की जिथे पाइप बरोबर, उतार बरोबर, पण झाकण उघडायला मिळत नाही. वाडा एक होता तेव्हा लाइन एक होती. भावाभावांत वाटणी झाली, मधे भिंत पडली, आणि तुमचा दुसरा चेंबर आता काकाच्या स्वयंपाकघराखाली आहे. वर ओटा, सिलिंडर, फरशी. तुंबतं तुमच्याकडे, उघडायचं त्यांच्याकडे, आणि बोलणं दोन वर्षांपासून बंद.

कायद्याचं म्हणाल तर १८८२ च्या ईझमेंट कायद्यात वाटणीच्या वेळी चालू असलेल्या आणि वापरासाठी गरजेच्या अशा सोयीचा हक्क मानलेला आहे. पण नाली कोर्टात जाऊन मोकळी होत नाही. मी असा सल्ला देतो : काकांकडे तुंबलेल्या दिवशी, संतापात जाऊ नका. कोरड्या दिवसात जा, गावातला दोघांच्याही शब्दातला एखादा मोठा माणूस सोबत घ्या, आणि "तुमची फरशी फोडू द्या" असं मागू नका. मागायचं ते असं : सामाईक भिंतीच्या आमच्या बाजूला आम्ही नवा चेंबर बांधतो, तुमच्या खालून जाणारा तुकडा बंद करतो, नवी लाइन बोळीतून नेतो, आम्हाला फक्त बोळीत चर काढायला दोन दिवस हवेत. बोळीतून उतार बसतो का, ते लेव्हल नळीने आधी मोजून ठेवा, कारण पहिला प्रश्न तोच येणार. बंद केलेल्या जुन्या पाइपाची दोन्ही तोंडं विटा-सिमेंटने पक्की बुजवा, नाहीतर घुशींना राजरस्ता मिळतो आणि त्या काकांच्या ओट्याखालून निघतात.

वाटणीपत्र अजून व्हायचं असेल तर त्यात लाइन कुठून जाते, चेंबर कुठे आहेत आणि साफसफाईचा खर्च कोणी किती द्यायचा, हे एका ओळीत लिहून घ्या. तलाठी ते विचारणार नाही, तुम्हीच आठवणीने घाला.

आणि चर बुजवायच्या आधी पाइप उघडा असतानाच घराच्या कोपऱ्यापासून प्रत्येक चेंबरचं आणि वळणाचं माप टेपने घ्या, टेपसकट मोबाइलवर फोटो काढा, आणि ती मापं न्हाणीच्या दाराच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहून ठेवा. मोबाइल बदलतो, फोटो जातात, दार राहतं.